मतदारांनी न संपवलेल्या दोन कारकिर्दी

इंदूरहून निघणारा महामार्ग सातपुडा उतरून बुऱ्हाणपूरमार्गे ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, ते इच्छापूर मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला आहे आणि तेथून काही किलोमीटरवर राज्याची हद्द संपते. इच्छादेवीच्या टेकडीच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन तीच, केळीच्या बागा त्याच आणि घरातली मराठीही बहुतांशी तीच. मात्र अलीकडच्या माणसाचा लोकप्रतिनिधी ‘विधायक’ असतो व तो भोपाळला जातो, तर पलीकडच्या माणसाचा लोकप्रतिनिधी ‘आमदार’ असतो व तो मुंबईला जातो. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, तेव्हा निमाड आणि विदर्भ हे एकाच विधानसभेत बसत असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, निमाड भोपाळकडे राहिले आणि आधीच मुंबई प्रांतात असलेले खानदेश व मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर यांच्यामधली जुनी प्रांतसीमा राज्यसीमा म्हणून कायम झाली. या सीमेला लागून महाराष्ट्राच्या बाजूने जो पहिला विधानसभा मतदारसंघ लागतो, तो पूर्वीचा एदलाबाद व आताचा मुक्ताईनगर होय. राज्य विधिमंडळातील दीर्घ कारकीर्द म्हणजे नेमके काय, ती कशावर उभी राहते आणि कशाने संपते, हे तपासण्यासाठी या मतदारसंघाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९६७ ते २०१९ या बावन्न वर्षांपैकी सुमारे सत्तेचाळीस वर्षे येथील प्रतिनिधित्व अवघ्या दोन व्यक्तींकडे होते आणि त्या दोघांपैकी कोणालाही येथील मतदारांनी एकदाही पराभूत केले नाही.

त्यांपैकी पहिल्या, प्रतिभा देवीसिंह पाटील, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. राष्ट्रपतिपदाच्या पाच वर्षांनी त्यांची विधानसभेतील तेवीस वर्षे मात्र जवळजवळ झाकून टाकली आहेत. त्यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजी, आजच्या बोदवड तालुक्यातील नाडगाव येथे झाला. वडील नारायणराव पाटील वकील होते. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून राज्यशास्त्र व अर्थशास्त्र हे विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी, असा त्यांचा शिक्षणक्रम होता. महाविद्यालयात त्या टेबल टेनिसच्या उत्तम खेळाडू म्हणून ओळखल्या जात. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली, तेव्हा काँग्रेसने त्यांना जळगावमधून उमेदवारी दिली आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या २६४ सदस्यांच्या सभागृहात आल्या. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि जळगाव जिल्ह्यात महिला होमगार्डचे दल उभारण्याचे काम प्रतिभाताईंनी केले. त्या दलाच्या त्या कमांडंटही होत्या.

१९६७ मध्ये त्या जळगाव शहर सोडून एदलाबादला आल्या. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळचा, संत मुक्ताबाईंच्या समाधिस्थानामुळे वारकऱ्यांना परिचित असलेला, परंतु उद्योग नसलेला आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेला हा ग्रामीण मतदारसंघ होता. त्याआधी दोन वर्षे, जुलै १९६५ मध्ये, त्यांचा विवाह अमरावतीच्या देवीसिंह शेखावत यांच्याशी झाला होता. सासर विदर्भात आणि मतदारसंघ खानदेशात, ही व्यवस्था त्या काळच्या स्त्री-राजकारण्याच्या बाबतीत नजरेआड करण्यासारखी नाही, कारण विवाहानंतर स्त्रीचा मतदारसंघ सासरच्या गावी सरकवला जाण्याचीच शक्यता अधिक असते. प्रतिभाताईंनी अमरावतीतून निवडणूक लढवली ती थेट १९९१ साली, तीही लोकसभेची.

१९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा सलग चार निवडणुका त्यांनी एदलाबादमधून जिंकल्या. या सालांमधील अंतर असमान का, याचा खुलासा येथे करणे योग्य ठरेल. विधानसभेची सामान्य मुदत पाच वर्षांची असते; परंतु आणीबाणीत ४२व्या घटनादुरुस्तीने ती सहा वर्षांची केल्यामुळे १९७२ची विधानसभा १९७८पर्यंत चालली, आणि १९७८ची विधानसभा केंद्राने १९८० मध्ये बरखास्त केल्यामुळे दोनच वर्षे टिकली. त्यामुळे १९६२ची जळगावची निवडणूक धरून पाच निवडणुकांत तेवीस वर्षे हा हिशेब जुळतो. या काळात यशवंतरावांपासून वसंतदादांच्या अखेरच्या कारकिर्दीपर्यंत महाराष्ट्राने अनेक मुख्यमंत्री पाहिले आणि त्यांपैकी वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील व बाबासाहेब भोसले या चौघांच्या मंत्रिमंडळांत प्रतिभाताई होत्या. पक्षांतर्गत गटबाजीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या काळात एकमेकांशी न पटणाऱ्या चार नेत्यांना एकच व्यक्ती चालते, याचा अर्थ ती व्यक्ती कोणत्याही एका गटाची म्हणून मोजली जात नव्हती, असा घ्यावा लागतो. हे गुण म्हणून सांगता येते आणि मर्यादा म्हणूनही; कारण जो कोणत्याच गटाचा नसतो त्याच्यामागे मुख्यमंत्रिपदासाठी उभी राहणारी फौजही नसते.

त्यांच्याकडे आलेली खाती पाहिली तर हाच निष्कर्ष बळकट होतो. १९६७ ते १९७२ या काळात त्या सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण व संसदीय कामकाज या खात्यांच्या उपमंत्री होत्या. उपमंत्री म्हणजे मंत्रिपरिषदेतील सर्वांत खालची पायरी. त्याला स्वतंत्र कार्यभार नसतो आणि तो कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली काम करतो. १९७२ मध्ये त्या समाजकल्याण खात्याच्या कॅबिनेट मंत्री झाल्या, १९७४ मध्ये त्याला आरोग्याची जोड मिळाली, पुढे दारूबंदी, पुनर्वसन व सांस्कृतिक कार्य, १९७७-७८ मध्ये शिक्षण, १९८२-८३ मध्ये नगरविकास व गृहनिर्माण आणि १९८३ ते १९८५ मध्ये नागरी पुरवठा व समाजकल्याण. महसूल, गृह, वित्त, पाटबंधारे ही ज्यांच्या बळावर माणसे राज्यभर आपली माणसे पेरतात ती खाती या यादीत नाहीत. स्त्रीमंत्र्याला समाजकल्याण देण्याची महाराष्ट्राची खोड जुनी आहे आणि ती अद्याप गेलेली नाही. शिक्षण व नगरविकास ही दोन मोठी खाती त्यांना मिळाली खरी, पण प्रत्येकी वर्षभराच्या आसपास, म्हणजे खाते समजेपर्यंत ते सुटावे इतक्याच मुदतीसाठी.

सभागृहातील त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत लक्षणीय काळ त्या सत्तेत नसतानाचा आहे. जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांनी वसंतदादांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे काँग्रेसमधून फुटलेला गट, जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष व इतरांच्या आघाडीचे सरकार स्थापन केले. जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या काळात त्या सरकारसमोर विरोधी पक्षनेत्या म्हणून प्रतिभाताई उभ्या होत्या. विरोधी पक्षनेता हे पद केवळ पक्षाचे नसते. विरोधी बाकांवरील सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला विधानसभेचे अध्यक्ष ती मान्यता देतात आणि त्यानंतर त्याला मंत्र्यासारखा दर्जा व सुविधा मिळतात. सभागृहात अधिवेशनाच्या शेवटी सरकारच्या एकूण कारभारावर चर्चा मागणारा अंतिम आठवडा प्रस्ताव मांडण्याचा मान संकेताने त्याच्याकडे असतो. सुमारे अकरा वर्षे सरकारची उत्तरे तयार करणाऱ्या बाजूला राहिलेल्या व्यक्तीने प्रश्न विचारणाऱ्या बाजूला येणे ही विधिमंडळातील खरी परीक्षा असते.

याच ठिकाणी आणखी एका आमदाराचा उल्लेख टाळता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख हेही १९६२ सालीच प्रथम विधानसभेत आले, परंतु शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे विरोधी बाकांवर. १९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेते होते आणि प्रतिभाताई शिक्षणमंत्री. पवारांच्या मंत्रिमंडळात गणपतराव मंत्री झाले आणि नंतर प्रतिभाताई विरोधी पक्षनेत्या झाल्या. एकाच वर्षी सभागृहात आलेल्या दोघांनी दोन वर्षांच्या आत बाके अदलाबदल केली. पुढे गणपतराव एकूण अकरा वेळा निवडून आले आणि तेही एकाच पक्षाकडून, एकाच मतदारसंघातून. मात्र सांगोल्याने त्यांना १९७२ आणि १९९५ मध्ये पराभूतही केले होते, दुसऱ्यांदा तर दोनशेहून कमी मतांनी. आणि २०१९ साली वयाच्या नव्वदीपलीकडे त्यांनी स्वतःहून थांबायचे ठरवले. कारकिर्दीची सुरुवात, खंड आणि शेवट हे तिन्ही मतदार व उमेदवार यांच्यात ठरण्याचे हे उदाहरण एदलाबादशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

मतदारसंघात संस्था उभ्या करणे हा त्या पिढीच्या काँग्रेस आमदाराचा मुख्य व्यवसायच होता, आणि प्रतिभाताईही त्याला अपवाद नव्हत्या. नोकरदार स्त्रियांसाठी मुंबई व दिल्लीत वसतिगृहे, १९८३ पासून जळगावजवळ बांभोरी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुक्ताईनगर परिसरात संत मुक्ताबाईंच्या नावाने सहकारी साखर कारखाना आणि जळगावला महिलांची सहकारी बँक, अशी ही यादी आहे. बांभोरीचे महाविद्यालय टिकले. कारखाना कर्जात गेला आणि बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत या दोन्हींवरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. सहकारी संस्था आमदाराच्या नावावर चालते तोवर ती त्याच्या निवडणुकीचे यंत्र असते, आणि आमदार दिल्लीला गेला की ती चालवणारे हात बदलतात, हे महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांनी पाहिले आहे. एदलाबादची कथा त्याहून वेगळी नाही, फक्त तिच्या संस्थापक पुढे देशाच्या प्रथम नागरिक झाल्या म्हणून ती देशभर वाचली गेली.

१९८५ मध्ये पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवले आणि आमदारकी संपली. १९८६ ते १९८८ या काळात त्या राज्यसभेच्या उपसभापती, त्यानंतर प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षा, १९९१ ते १९९६ अमरावतीच्या खासदार, २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल आणि २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या. एदलाबादच्या मतदारांनी त्यांना नाकारले नव्हते. पक्षाने त्यांना वरच्या सभागृहात नेले, इतकेच.

या मतदारसंघातील दुसऱ्या दीर्घ कारकिर्दीचा आरंभ १९९० साली झाला, आणि त्या वर्षी सीमेच्या अलीकडेही बरेच काही बदलत होते. बुऱ्हाणपूर परिसरातील ज्येष्ठ नेते ब्रिजमोहन मिश्र मार्च १९९० मध्ये मध्य प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. १५ डिसेंबर १९९२ रोजी सुंदरलाल पटवा यांचे सरकार व विधानसभा बरखास्त झाली, तरी मिश्र डिसेंबर १९९३ पर्यंत अध्यक्षपदी राहिले, कारण राज्यघटनेच्या १७९व्या अनुच्छेदानुसार सभागृह विसर्जित झाले तरी अध्यक्ष नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या लगतपूर्वीपर्यंत पद सोडत नाही. सदस्य नसलेल्या सभागृहाचा अध्यक्ष ही घटनात्मक विसंगती वाटावी अशी, पण पूर्ण विचारपूर्वक केलेली तरतूद आहे. इच्छापूरशेजारच्या शहापूरचे नंदकुमारसिंह चौहान, जे नगरपालिकेतून वर आले होते, १९८५ ते १९९६ आमदार होते आणि पुढे खंडव्याचे खासदार व प्रदेश भाजपचे अध्यक्ष झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंना काँग्रेसची जागा भाजप घेत होता आणि घेणारी माणसे मोठ्या घराण्यांतली नव्हती.

एकनाथ खडसे हे अशांपैकीच. मुक्ताबाईंच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या कोथळीचे ते सरपंच होते. १९९० पासून २०१४ पर्यंतच्या सहाही निवडणुका त्यांनी येथून जिंकल्या. मधल्या काळात एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, २००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या प्रक्रियेत, मतदारसंघालाही ते नाव मिळाले आणि तो नव्या रावेर लोकसभा मतदारसंघात गेला. खानदेशच्या पूर्व भागात केळी पिकवणारा लेवा पाटीदार समाज हा खडसे यांच्या राजकारणाचा पाया मानला जातो, पण एका समाजाच्या मतांवर सहा निवडणुका निघत नाहीत. गावोगावच्या लग्नापासून तेराव्यापर्यंत हजेरी लावणे आणि तहसील, पोलीस ठाणे व वीज मंडळ या तीन ठिकाणी माणसाचे काम अडले तर फोन करणे, हे त्यांचे रोजचे काम होते. ‘नाथाभाऊ’ हे संबोधन त्यातूनच रूढ झाले.

१९९५ ते १९९९ च्या शिवसेना-भाजप युती सरकारात त्यांच्याकडे वित्त व पाटबंधारे ही वजनदार खाती आली. पाटबंधारे प्रकल्पांसाठी बाजारातून कर्जरोखे उभारता यावेत म्हणून स्थापन झालेल्या महामंडळांपैकी तापी खोऱ्याचे महामंडळ याच काळातले. तापीच्या पाण्याशी मुक्ताईनगरचा संबंध दुहेरी आहे. बुऱ्हाणपूरकडे आणि विदर्भात पाऊस झाला की हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडावे लागतात आणि धरणाच्या फुगवट्याचे पाणी तापी-पूर्णेच्या काठावरील जमिनींपर्यंत येते. म्हणजे येथील आमदाराला पाणी मागावेही लागते आणि पाण्यात गेलेल्याची भरपाईही मागावी लागते.

तथापि खडसे यांचे खरे स्थान सभागृहातले आहे. २००९ ते २०१४ या पाच वर्षांत ते विरोधी पक्षनेते होते आणि सिंचन प्रकल्पांवरील खर्चाचा वाद, त्यातून नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने काढलेली श्वेतपत्रिका, म्हणजे एखाद्या विषयावरील शासनाचे अधिकृत निवेदन, हा त्या कालखंडाचा मध्यवर्ती विषय होता. मंत्री म्हणून ज्याने पाटबंधारे खात्याच्या फायली पाहिल्या आहेत त्याने विरोधी बाकांवरून त्याच खात्यावर बोलणे याला वेगळी धार येते, कारण निविदा, सुधारित प्रशासकीय मान्यता आणि अग्रिम या शब्दांमागे काय चालते हे त्याला नव्याने शिकावे लागत नाही. प्रतिभाताई सरकारातून विरोधात गेल्या तेव्हा त्यांना सहा-सात महिनेच मिळाले. खडसे यांना पूर्ण मुदत मिळाली आणि त्यांनी ती वापरली.

२५ सप्टेंबर २०१४ रोजी शिवसेनेशी असलेली पंचवीस वर्षांची युती तुटल्याचे जाहीर करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. महिन्याभरात सरकार आले, मुख्यमंत्रिपद मात्र देवेंद्र फडणवीस यांच्याकडे गेले आणि खडसे महसूलमंत्री झाले. पुण्याजवळील भोसरीच्या औद्योगिक क्षेत्रातील जमिनीच्या खरेदीवरून आरोप झाल्यानंतर ४ जून २०१६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी सातत्याने नाकारले आहेत. यानंतरची तीन वर्षे ते सत्ताधारी बाकांवर बसलेले विरोधी सदस्य होते. मार्च २०१८ मध्ये मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद सरकारी कागदातच असल्याचे त्यांनी सभागृहात दाखवले आणि सरकारला तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा आहे असा खुलासा करावा लागला. हशा पिकला तो उंदरांवर. मुद्दा होता तो कंत्राटाचा. अर्थसंकल्पातील मागण्यांवरील कंटाळवाण्या चर्चेत एखादा आकडा उचलून संपूर्ण खात्याला उत्तर द्यायला लावणे ही कला प्रश्नोत्तरांच्या तासात वर्षानुवर्षे बसल्याशिवाय येत नाही, आणि आता ती असलेले सदस्य सभागृहात कमी होत चालले आहेत.

२०१९ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली आणि त्यांच्या कन्या रोहिणी खडसे यांना दिली. येथेही कारकीर्द मतदारांनी संपवली नाही. मतदारांनी पराभूत केले ते कन्येला, दोन हजारांहूनही कमी मतांनी. निवडून आले ते शिवसेनेचे बंडखोर, अपक्ष चंद्रकांत पाटील. गंमत अशी, की जेमतेम वर्षभरापूर्वी सीमेच्या अलीकडे बुऱ्हाणपुरातही हेच घडले होते. ब्रिजमोहन मिश्र यांच्या कन्या अर्चना चिटणीस २०१८ मध्ये मंत्री असताना अपक्ष सुरेंद्रसिंह ठाकूर यांच्याकडून हरल्या होत्या. दोन राज्ये, दोन ज्येष्ठ विधिमंडळ सदस्यांच्या दोन कन्या, पक्ष एकच आणि पराभव करणारे दोघेही अपक्ष. पितृपरंपरेने मिळालेली जागा आणि स्वतः कमावलेली जागा यांत मतदार फरक करतात, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण २०२३ मध्ये चिटणीस पुन्हा निवडून आल्या, आणि तेही नंदकुमारसिंह चौहान यांचे पुत्र हर्षवर्धन पक्षाविरुद्ध अपक्ष उभे असताना, तेव्हा हा नियम लावण्याची घाई करू नये.

दोन्ही राज्यांतील एक भेद मात्र खडसे यांच्या बाबतीत निर्णायक ठरला. मध्य प्रदेशात विधिमंडळाचे एकच सभागृह आहे. महाराष्ट्रात विधानसभेबरोबर विधान परिषदही आहे, जिच्या ७८ सदस्यांपैकी ३० जण विधानसभेच्या आमदारांच्या मतांवर निवडून येतात. भोपाळमध्ये उमेदवारी गेलेल्या ज्येष्ठ विधायकाला राज्याच्या विधिमंडळात परतण्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट पाहावी लागते. मुंबईत तसे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले आणि जून २०२२ मध्ये परिषदेवर निवडून आले, तेही ज्या सभागृहाने जवळजवळ तीस वर्षे त्यांची भाषणे ऐकली त्याच सभागृहाच्या सदस्यांच्या मतांवर. त्यांच्या सूनबाई रक्षा खडसे २०१४ पासून भाजपच्याच खासदार म्हणून रावेरचे प्रतिनिधित्व करत आहेत आणि २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. कोथळीच्या एकाच घरात त्या काळात दोन परस्परविरोधी पक्ष नांदत होते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत रोहिणी खडसे पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून, आणि चंद्रकांत पाटील यांनी, या वेळी शिवसेनेच्या अधिकृत चिन्हावर, मुक्ताईनगर दुसऱ्यांदा जिंकले.